सल्ला न देण्याचं काम

"समोरचा बोलतो आणि हे मान डोलावतात. त्याचे पैसे कसले घ्यायचे?" अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या क्लायंट-केंद्री उपचारपद्धतीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मानसशास्त्राच्या वर्गात ते हसत म्हटलं जातं, दोन दिवसांच्या काउन्सेलिंग कार्यशाळेत गंभीरपणे म्हटलं जातं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: "परदेशात ठीक आहे, आपल्या माणसाला कुणीतरी ठणकावून सांगावंच लागतं." या दुसऱ्या वाक्याला माना डोलतात. ते ऐकून बाहेर पडलेला नवा काउन्सेलर पहिल्याच आठवड्यात कुणाला संसार सांभाळायला सांगतो, कुणाला नोकरी सोडायला, कुणाला झालं-गेलं विसरायला. आपण उपचार केला अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिलं अज्ञानातून येतं, ते माहितीने दुरुस्त होईल. दुसरं अधिक घातक आहे, कारण त्याची किंमत मदत मागायला आलेला माणूस मोजतो.

रॉजर्स सल्ला न देण्यापर्यंत पोचले ते सल्ला देऊन देऊन थकल्यावर, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या लक्षातच येत नाही. १९२८ ते १९४० ही बारा वर्षं त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, मुलांवरच्या अत्याचारांना आळा घालणाऱ्या संस्थेत काढली. कोर्टाने आणि वेगवेगळ्या संस्थांनी पाठवलेली मुलं आणि त्यांचे वैतागलेले आईबाप, हेच तिथलं रोजचं काम. तिथला एक प्रसंग त्यांनी १९६१ च्या 'ऑन बिकमिंग अ पर्सन' या पुस्तकात सांगितला आहे. मुलगा अतिशय उनाड. तपासणीतून निष्कर्ष निघालेला, की आईने लहानपणी त्याला झिडकारलं हेच सगळ्याचं मूळ. रॉजर्स कित्येक भेटींत त्या आईला हळूहळू, सांभाळून, या निष्कर्षाकडे आणू पाहत होते. बाई समजूतदार होत्या, पण गाडी जागची हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले. दोघांनीही प्रयत्न केला, जमलं नाही, आता थांबावं, असं त्यांनीच सुचवलं. बाईंनी होकार दिला, हात मिळवला, दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, की इथे मोठ्या माणसांसाठी काउन्सेलिंग करता का? हो म्हटल्यावर त्या परत येऊन त्याच खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याशी तुटत चाललेलं नातं, स्वतःचं अपयश, मनातला गोंधळ असं सगळं भडाभडा बोलू लागल्या. आधी लिहून घेतलेल्या नीटनेटक्या केस हिस्टरीत यातलं काहीही नव्हतं. खरा उपचार तिथून सुरू झाला आणि तो यशस्वी झाला.

या प्रसंगात तज्ज्ञाचं निदान कदाचित बरोबरही असेल. पण ज्या बाईंसाठी ते केलं होतं त्यांना ते कुठे भिडतच नव्हतं, आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे ज्यांना माहीत होतं त्यांना बोलायला जागाच मिळाली नव्हती. रॉजर्स यांनी पुढची कित्येक वर्षं ती जागा कशी तयार करायची याचा अभ्यास केला. याला निष्क्रियता म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि त्यांनी तो अभ्यास बंद दाराआड केला नाही. १९४० मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात गेले, तेव्हा मानसोपचाराच्या खोलीत काय घडतं हे जगाला फक्त उपचार करणाऱ्याच्या आठवणीतून कळत असे. फ्रॉइडच्या गाजलेल्या केसेससुद्धा त्याने मागाहून लिहिलेल्या. रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खोलीत मायक्रोफोन ठेवला आणि काही मिनिटांत भरून जाणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या आलटून-पालटून दोन यंत्रांवर फिरवल्या. १९४२ च्या 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन असं टोपणनाव दिलेल्या माणसाच्या आठ भेटी शब्दशः छापल्या गेल्या. दीडशेहून जास्त पानं, प्रत्येक प्रतिसादाला क्रमांक, आणि काउन्सेलर कुठे चुकला, कुठे त्याने उगाच दिशा दिली, यावर टिपा. संपूर्ण उपचार शब्दशः छापून लोकांसमोर ठेवण्याची ही पहिली वेळ मानली जाते. ज्या पद्धतीत काहीच केलं जात नाही, तिच्या चुकांवर टिपा कशा लिहिता येतील?

आता मान डोलावण्याबद्दल. एखादी बाई काउन्सेलरसमोर बसून म्हणते: "परत जावंसं वाटत नाही. पण माहेरी तरी किती दिवस राहणार? आई काही बोलत नाही. वहिनी ताट वाढताना बघते ना, त्यावरून कळतं."

ठणकावून सांगणारा काउन्सेलर म्हणेल, "ताई, संसारात थोडं जुळवून घ्यावं लागतं, मुलांचा विचार करा." रॉजर्स यांचं नाव घेऊन त्यांची पद्धत न शिकलेला म्हणेल, "म्हणजे तुम्हाला परत जावंसं वाटत नाही." पहिल्याने तिला गप्प केलं. दुसऱ्याने तिचं अर्धं वाक्य तिलाच परत दिलं, आणि पुढच्या भेटीला ती आली नाही तर नवल नाही.

पद्धत शिकलेला काउन्सेलर थोडा थांबतो आणि विचारतो, "तिकडे जीव रमत नाही, आणि इथेही आता आपण पाहुण्यासारखे झालो, असं काहीसं वाटतंय का?"

"पाहुणी कसली हो. पाहुणीला मान असतो. मी ओझं झालेय."

इथे काउन्सेलरचा अंदाज चुकला, आणि तरीही काम झालं. कारण त्याने तो अंदाज खोडता येईल अशा सुरात मांडला होता. ओझं हा शब्द तिला त्या क्षणी सापडला, आणि तो कुणी तिच्या तोंडात घातलेला नाही. पुढचा अर्धा तास आता त्या शब्दावरून जाईल. माहेरी ओझं, सासरी ओझं, मग आपली म्हणून जागा कुठली, इथपर्यंत ती स्वतःच्या पायाने येईल. आपल्या प्रतिसादांना लोक 'भावनांचं प्रतिबिंब दाखवणं' म्हणतात हे रॉजर्स यांना शेवटपर्यंत खटकत राहिलं. आपण क्लायंटचं म्हणणं बरोबर समजलो का हे तपासत असतो, असं त्यांनी मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, स्पष्टपणे लिहिलं. त्याआधी १९७५ मध्ये त्यांनी हेही नोंदवलं होतं, की या पद्धतीची इतकी विटंबना झाली की कित्येक वर्षं आपण समानुभूतीबद्दल बोलणंच टाळलं.

त्या विटंबनेला एका यंत्राने मोठा हातभार लावला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा संगणक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेचं, म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मधली मंजुळा जिच्यावरून बेतली तिचं. टंकलेखन यंत्रावर तुम्ही वाक्य लिहायचं, प्रोग्रॅम त्यातलेच शब्द फिरवून प्रश्न करायचा. वायझेनबाउम यांनी रॉजर्सच्या धाटणीचा थेरपिस्ट निवडला, कारण अशा संभाषणात यंत्राला बाहेरच्या जगाबद्दल काहीही माहीत नसलं तरी खपून जातं. त्यांच्या सेक्रेटरीला प्रोग्रॅम कसा चालतो हे माहीत होतं, तरी थोडा वेळ त्याच्याशी 'बोलल्यावर' तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तेव्हापासून टीकाकार म्हणत आले आहेत, की पाहा, यंत्रालाही जमतं ते. आज मोबाइलवरच्या चॅटबॉटपुढे लोक मन मोकळं करतात, तेव्हा हाच मुद्दा नव्या जोमाने पुढे येतो.

या प्रसंगातून स्वतः वायझेनबाउम यांनी नेमका उलटा धडा घेतला. काही मनोविकारतज्ज्ञ अशा प्रोग्रॅमकडून खरेच उपचार करून घेण्याची स्वप्नं पाहू लागले, तेव्हा वायझेनबाउम हादरले, आणि १९७६ मध्ये माणसाची कोणती कामं यंत्राकडे कधीच देऊ नयेत यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. रॉजर्स यांच्या बाजूने पाहिलं तर उत्तर त्यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध निबंधातच आहे. तिथे त्यांनी व्यक्तिमत्त्वात बदल घडण्यासाठी सहा अटी मांडल्या: दोन माणसांमध्ये खरा संपर्क हवा, एक जण आतून विसंगतीत, अस्वस्थ असावा, दुसरा त्या नात्यात सच्चा असावा, मनात एक आणि चेहऱ्यावर एक असं नसावं, त्याने समोरच्याला विनाअट स्वीकारावं, त्याचं जग आतून समजून घ्यावं, आणि हा स्वीकार आणि समज थोड्या प्रमाणात तरी समोरच्यापर्यंत पोचावी. एलायझाने यातल्या एका अटीचं बाह्य रूप उचललं. सच्चेपणा तिच्यात नव्हता, असणं शक्यही नव्हतं, कारण लपवायला किंवा उघड करायला तिच्या आत कुणी नव्हतंच. शब्दांची फिरवाफिरव म्हणजे रॉजर्स असं मानणाऱ्यांनी सहापैकी पाच अटी वाचलेल्याच नाहीत.

त्या निबंधावरची खरी टीका वेगळी आहे, आणि तिला उत्तर देणं सोपं नाही. या अटी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत, असा रॉजर्स यांचा दावा होता. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, अल्बर्ट एलिस यांनी त्याच नियतकालिकात त्याला आव्हान दिलं: माणसं पुस्तक वाचून बदलतात, आघाताने बदलतात, विचार बदलल्याने बदलतात, त्यामुळे यातली कोणतीही अट अपरिहार्य म्हणता येत नाही. महाराष्ट्रात हा वाद परका नाही. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून भारतात रुजवली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी घराघरांत नेली. मराठी वाचकाला एलिस चांगले परिचयाचे आहेत, रॉजर्स फारसे नाहीत, आणि त्यामुळे आपल्याकडे एलिसच्या बाजूने रॉजर्सना निकालात काढणं फार सोपं होऊन बसलं आहे.

एलिस यांचा 'आवश्यक' या शब्दावरचा आक्षेप मान्य करायला हवा. 'पुरेशा' या शब्दाचा दावा तर रॉजर्स यांच्या स्वतःच्या संशोधनानेच सैल केला. विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा राज्य रुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी मोठा अभ्यास केला. १९६७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला, तेव्हा उपचार घेतलेला गट आणि न घेतलेला गट यांत एकंदरीत फारसा फरक दिसला नाही. ज्यांच्या थेरपिस्टकडे समानुभूती जास्त होती त्यांची प्रगती बरी, ज्यांच्याकडे कमी त्यांची वाईट, एवढंच पुढे आलं. रॉजर्स यांनी हे निकाल झाकले नाहीत. तेव्हा गंभीर मनोविकारात औषधाला पर्याय म्हणून या पद्धतीकडे पाहू नये, हे तिच्या बाजूने बोलणाऱ्यानेही स्वच्छ सांगावं.

पण त्याच अभ्यासातली एक टेप ऐकण्याजोगी आहे. रॉजर्स यांनी जिम ब्राउन असं नाव दिलेला एक तरुण, बरेच महिने रुग्णालयात, जवळपास मुका. एका भेटीत पंधरा मिनिटांपेक्षा लांब शांतता आहे. रॉजर्स अधूनमधून एखादं वाक्य बोलतात, उत्तराची सक्ती करत नाहीत. आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही आणि आपलं काय होतं याची आपल्याला फिकीर नाही, असं तो कसंबसं सांगतो. रॉजर्स त्याला धीर देत नाहीत, त्याचं म्हणणं खोडत नाहीत. एके काळी मलाही स्वतःबद्दल असंच वाटलं होतं आणि ते किती कठीण असतं हे मला माहीत आहे, एवढं सांगतात आणि आपल्याला त्याची काळजी आहे हे उघडपणे बोलून दाखवतात. तो रडतो. मान डोलावण्याचा आरोप करणाऱ्याने ती पंधरा मिनिटं, घड्याळाकडे न बघता आणि विषय न बदलता, एकदा स्वतः बसून पाहावीत.

एलिस यांच्या अनुयायांना एक गोष्ट प्रेमाने सांगायला हवी. माणसाचं वागणं चुकीचं असलं तरी माणूस म्हणून त्याचा विनाअट स्वीकार, हा एलिस यांच्या पद्धतीचाही पाया आहे. मग भांडण कशावर? त्या स्वीकारानंतर शिकवायचं की नाही, यावर. हे भांडण दोन शिस्तबद्ध पद्धतींमधलं आहे. त्याचा आधार घेऊन कुठलीच शिस्त नसलेल्या उपदेशाला मान्यता देता येत नाही. एलिस विचारातली गफलत शोधून ती तपासायला लावतात. 'मुलांचा विचार करा' हे सांगणं एलिसही नाही आणि रॉजर्सही नाही.

"संशोधनाने रॉजर्सचा निकाल लावला" असंही अधूनमधून ऐकू येतं. आकडे काय सांगतात? २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडन आणि मँचेस्टर भागातल्या दवाखान्यांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याचे ४६४ रुग्ण, तुलना रॉजर्सच्या धर्तीचं दिशा न देणारं काउन्सेलिंग, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, आणि डॉक्टरांची नेहमीची देखभाल यांच्यात. चार महिन्यांनी दोन्ही बोलण्याचे उपचार नेहमीच्या देखभालीपेक्षा सरस ठरले आणि दोघांत फरक दिसला नाही. वर्षाने तिन्ही गट सारख्याच पातळीवर आले. २०२१ मध्ये शेफील्डमधला ५१० जणांचा अभ्यास लॅन्सेट सायकियाट्रीत आला. त्यात रॉजर्सच्या परंपरेतून वाढलेली व्यक्तिकेंद्री अनुभवनिष्ठ थेरपी सहा महिन्यांनी सीबीटीच्या तोडीची ठरली. बारा महिन्यांनी मात्र सीबीटीचं पारडं जड दिसलं. हा शेवटचा निकाल पद्धतीच्या समर्थकांनी गिळून टाकू नये, त्यावर काम करावं. पण यातून 'निकाल लागला' असं म्हणणाऱ्याने अहवालाचा अर्धाच भाग वाचला आहे. शिवाय २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक क्लायंटांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा थेरपिस्टची समानुभूती आणि उपचाराचं फळ यांचा मध्यम पण ठाम संबंध दिसला, मग थेरपी कोणत्याही पंथाची असो.

आता "आपल्या माणसाला सांगावंच लागतं" याकडे वळू. या म्हणण्यामागे एक आदरणीय नाव आहे. चंदीगडचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये मांडलं, की पाश्चात्त्य थेरपिस्ट अंतर राखून, क्लायंटच्या स्वावलंबनावर भर देऊन काम करतो. भारतीय माणूस मात्र गुरूच्या आधाराची अपेक्षा घेऊन येतो, तेव्हा गुरु-शिष्य नातं उपचाराचा नमुना होऊ शकतं. हा विचार गंभीर होता. पण नेकींच्या मांडणीतला गुरू म्हणजे वर्षानुवर्षं शिष्यासोबत राहणारा, स्वतः साधना केलेला माणूस. सहा महिन्यांचा डिप्लोमा करून पन्नास मिनिटांत अनोळखी माणसाच्या लग्नाचा निर्णय देणाऱ्याने त्या नात्याचा हवाला देऊ नये.

आणि सल्ल्याची टंचाई आपल्याकडे कधी होती? काउन्सेलरच्या दारात पोचलेल्या माणसाला आईने सांगून झालेलं असतं, काकांनी बैठकीत बसवून झालेलं असतं, सासऱ्यांचा फोन येऊन गेलेला असतो, ऑफिसातला मित्र, सोसायटीतल्या काकू, कीर्तनकार, ज्योतिषी, व्हॉट्सॲपवरचे सुविचार, सगळं होऊन गेलेलं असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं ते एवढंच, की तुला नेमकं काय होतंय? एकत्र कुटुंबात वाढलेल्या, मोठ्यांपुढे आवाज न चढवण्याचं वळण लागलेल्या माणसाला ही विचारणा परकी वाटेल हे खरं. पहिल्या भेटीत तो "तुम्हीच सांगा ना सर" म्हणेल हेही खरं. ग्लोरिया नावाची अमेरिकन बाईही तेच म्हणत होती. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या प्रसिद्ध शैक्षणिक चित्रपटात रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघांनी तिची एकेक मुलाखत घेतली. घटस्फोटित, लहान मुलीची आई. आपल्या संबंधांबद्दल आपण मुलीशी खोटं बोललो, खरं सांगितलं तर तिच्या मनावर परिणाम होईल का, याचं थेट उत्तर तिला हवं होतं, आणि ती ते पुन्हा पुन्हा मागत राहिली. ती कॅलिफोर्नियातली होती. उत्तर मागणं हा भारतीयांचा खास गुण नाही. रॉजर्स यांनी उत्तर दिलं नाही, पण टाळलंही नाही. तुम्ही स्वतःशीच पूर्ण प्रामाणिक नाही असं तर नाही ना, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी तिच्यापुढे ठेवला. चित्रीकरण संपल्यावर ग्लोरियाने आपली पसंती पर्ल्स यांना दिली, हे रॉजर्सचे चाहते सांगत नाहीत. पुढे अनेक वर्षं तिने पत्रव्यवहार ठेवला तो मात्र रॉजर्स दांपत्याशी.

भारतीय माणसावर हे चालतं का, याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. गोव्यात जावं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला १९८० च्या सुमारास दारूच्या समस्येवरच्या उपचारात असं दिसलं, की कोणाचे क्लायंट सहा महिन्यांनी कमी पितात हे काउन्सेलरच्या समानुभूतीशी घट्ट जोडलेलं आहे. त्यातून त्याने रॉजर्सच्या पायावर प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत उभी केली. 'दारू सोडा' असं बजावण्याऐवजी पिणाऱ्याच्या मनातली द्विधा त्याच्याच तोंडून बाहेर यावी, अशी ही पद्धत. ती रॉजर्सइतकी मोकळी नाही, तिला बदलाची दिशा ठरलेली असते. संगथ या संस्थेने त्या पद्धतीवर बेतलेला उपचार गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेला. देणारे स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेले काउन्सेलर. अभ्यासात ३७७ पुरुष, अपायकारक प्रमाणात दारू पिणारे. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी २६ टक्के. या उपचारात पिण्याचा आग्रह मोडून काढण्याचे सराव आणि अडचणी सोडवण्याची तंत्रंही होती, त्यामुळे सगळं श्रेय रॉजर्सना देता येणार नाही. पण आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या कष्टकरी पुरुषाला ठणकावल्याशिवाय कळतच नाही, हा समज त्या दहा केंद्रांत टिकला नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. रॉजर्स यांना लहानपणच्या घरातले तळघरातले बटाटे आठवत: हिवाळ्यात अंधारातही त्यांना फिकट, लांबट कोंब फुटत आणि ते खिडकीतल्या उजेडाकडे वळत. प्रत्येक जिवात वाढीची अशी ओढ असते, हा त्यांचा विश्वास. स्त्रीवादी कार्यकर्त्या विचारतात, की ज्या बाईला रोज मारहाण होते तिच्यापुढे तटस्थ बसून तिच्या वाढीची वाट पाहायची का? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सेहत संस्था आणि मुंबई महापालिका यांनी सुरू केलेल्या दिलासा केंद्रात काउन्सेलर स्पष्ट भूमिका घेतात: मारहाण हा तुमचा दोष नाही, ती हिंसा आहे, आणि २००५ च्या कायद्याने तुम्हाला संरक्षण मिळू शकतं.

हा आक्षेप बरोबर आहे, आणि हिंसेपुढे तटस्थ राहणारा रॉजर्सपंथी चुकतोच. जीव धोक्यात असेल तर संरक्षण अधिकारी, पोलिसांचा महिला कक्ष, निवाऱ्याची जागा ही माहिती तिला त्याच दिवशी मिळाली पाहिजे. माहिती देणं वेगळं, तिचा निर्णय आपण घेणं वेगळं. घर सोडायचं की नाही, कधी, मुलांना घेऊन की न घेता, हा निर्णय दिलासामधल्या कार्यकर्त्याही बाईवर लादत नाहीत, कारण त्याचे परिणाम तिलाच भोगायचे असतात. इथे स्त्रीवादी काउन्सेलिंग आणि रॉजर्स यांची वाट शेवटी एकमेकांना मिळते. 'जुळवून घ्या' म्हणणारा आणि 'आजच सोडून द्या' म्हणणारा, दोघेही त्या बाईला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या हुकमाखाली आणतात.

काउन्सेलर खरेच इतका निरपेक्ष राहू शकतो का, ही शंका रॉजर्स यांच्या हयातीतच घेतली गेली. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी त्यांना तोंडावर सांगितलं, की मदत मागायला आलेला आणि मदत देणारा कधीच समान पातळीवर नसतात. १९६६ मध्ये रॉजर्स यांचे सहकारी चार्ल्स ट्रुअक्स यांनी त्यांच्याच टेप तपासून दाखवलं, की क्लायंट काय बोलतो यानुसार रॉजर्स यांची ऊब नकळत कमी-जास्त होते, म्हणजे तेही क्लायंटला एका दिशेला ढकलतात. दोन्ही गोष्टी मानायला हव्यात. पण ट्रुअक्स यांना हे कळलं ते टेप होत्या म्हणून. उपदेश करणाऱ्या काउन्सेलरच्या खोलीत किती ढकलाढकल होते हे तपासायला आपल्याकडे टेपही नाही.

म्हणून मागणी आहे ती ठोस. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने काउन्सेलरांनाही नियमनाच्या कक्षेत आणलं आहे. अभ्यासक्रमांची आखणी होताना रॉजर्सवर दहा गुणांची टीप लिहून घेणं पुरेसं मानू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने क्लायंटच्या लेखी संमतीने भेटींचं ध्वनिमुद्रण करावं, नावं काढून ते गटात ऐकवावं, आणि क्लायंट बोलत असताना काउन्सेलरने किती वेळा मध्ये तोडलं, किती वेळा सल्ला दिला, त्याचा अंदाज चुकल्यावर क्लायंटला तो दुरुस्त करता आला का, हे सहाध्यायांनी नोंदवून त्यावर गुण द्यावेत. महाराष्ट्राच्या विद्यापीठांना हे जड वाटू नये. गोव्यातल्या त्या पदवी नसलेल्या काउन्सेलरांनी एकत्र बसून एकमेकांच्या टेप ऐकल्या आहेत आणि त्यांना गुणही दिले आहेत.